नऊ दगडांचा ऑक्टोबर

पाऊस परतला की करंजाड्यातल्या मोकळ्या प्लॉटांवरचं गवत आठवडाभरात पिवळं पडतं. बाल्कनीच्या कठड्याला दुपारी हात लागला तर चटका बसतो. आमच्या इमारतीमागे अजून एक भाताचं शेत शिल्लक आहे, दोन बांधकामांच्या मध्ये अडकलेलं. चारच्या सुमाराला त्याचा पिकत आलेला वास सिमेंटच्या धुळीतून वर येतो. लोक या दिवसांना ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात आणि पंखा वाढवतात. मला मात्र तो वास आला की बोटांच्या टोकांवर शर्टाच्या बटणांचा गुळगुळीतपणा जाणवतो, आणि डाव्या घोट्यात, जिथे धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, तिथे एक बारीक कळ उठून जाते.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर मी घरात काढला. मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जुलैच्या अखेरीस कॉलेजच्या जिन्यावरून उतरत होते, हातात बारावीच्या जर्नलांचा गठ्ठा होता. पाय घसरला तेव्हा मी गठ्ठा सावरला, स्वतःला नाही. ऑपरेशन झालं, रजा पडली. संजय, माझा नवरा, कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात आहे. तो साडेआठला जायचा तो सातला परतायचा. मुलगी पुण्याला शिकत होती. घरात मी, वॉकर आणि पंखा.

तळमजल्यावर हिरामणकाका राहायचे, मुलगा-सुनेकडे. मूळचे उरणचे कोळी. वडील मासेमारीला जायचे, काका मात्र बंदरातल्या टगवर लागले. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून-ढकलून धक्क्याला लावणारी छोटी बोट. तिच्यावरच ते निवृत्त झाले. ऑगस्टमधल्या एका दुपारी सुनेनं दिलेला कोलंबीच्या कालवणाचा डबा घेऊन ते वर आले. मी पंख्याकडे बघत पडले होते.

“दिसभर ह्येच करतेस?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काय करणार, काका?”

दुसऱ्या दिवशी ते प्लायवूडचा एक चौकोन आणि दोन बरण्या घेऊन आले. प्लायवूडवर एकोणीस आडव्या, एकोणीस उभ्या रेघा पेनानं आखलेल्या. एका बरणीत काळी बटणं, दुसरीत पांढरी, पनवेलच्या बाजारातून शिंप्यांना लागणारं सामान मिळतं तिथून आणलेली. खेळाचं नाव गो. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकानं काळा दगड ठेवायचा, मग दुसऱ्यानं पांढरा. ठेवलेला दगड हलत नाही. दगडांनी जागा वेढायची. ज्याची जागा जास्त तो जिंकला. चारी बाजूंनी कोंडलेला दगड मेला, तो उचलायचा. एवढंच. काकांना हा खेळ एका कोरियन इंजिनिअरनं शिकवला होता. त्याचं जहाज दुरुस्तीसाठी कितीतरी महिने धक्क्याला लागून होतं.

“तू काळं घे,” काका म्हणाले, आणि माझ्या बरणीतली नऊ बटणं काढून त्यांनी पटावरच्या नऊ ठिपक्यांवर मांडली. “ह्ये तुजे. आता मी चालतो.”

“हे कशाला?”

“तू नवी हायस. मी जुना हाय. नव दगड दिले की दोगं बरोबर.”

मी ती नऊच्या नऊ बटणं उचलून परत बरणीत टाकली. वीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई मी. मला कुणी धरून चालवायला नको होतं. वॉकर होता तेवढा पुरे होता. काकांनी पांढरी बरणी पुढे ओढली. बरोबरीनं खेळले. पंधरा दिवस रोज दोन डाव, आणि प्रत्येक डावात अर्ध्या तासाच्या आत माझे दगड त्यांच्या हातात. सोळाव्या दिवशी मीच नऊ बटणं काढून ठिपक्यांवर ठेवली. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

पण आताच्या हरण्याचा प्रकार निराळा होता. नऊ दगड पुढे असूनही मी हरत होते, आणि त्याला कारण नवखेपणा नव्हता. काका एखादं पांढरं बटण माझ्या दगडांच्या शेजारी टक्कन ठेवायचे आणि माझा हात आपोआप तिथेच जायचा. ते उजवीकडे आले की मी उजवीकडे, वर गेले की वर. सगळा पट माझा असताना मी त्यांच्या मागे मागे दारं लावत फिरत होते.

“मी ठेवला तिथंच का ठेवतेस?” एकदा त्यांनी विचारलं.

“तुम्ही काहीतरी करणार असाल म्हणून.”

“मी काय नाय करत. ही गोटी तशीच ठेवली मी. तिला जाब द्यायची काय गरजच नाय.” मग थोड्या वेळानं, “तू पट बघत नाय, बाय. तू मला बघतेस.”

हे माझ्या मनात रुतून राहिलं. समोरचा माणूस मोठा आहे एवढं कळलं की त्याचा प्रत्येक दगड मोठा दिसायला लागतो. नऊ दगडांची सूट पटावर असते. भीतीला सूट देता येत नाही.

सप्टेंबरात मी मोबाइलवर खेळायला लागले. तिथे जगभरातली माणसं असतात, आणि प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा. इतके क्यू, तितके क्यू. आकडा जितका लहान, तितका खेळाडू तगडा. जिंकलं की आकडा सुधारतो, हरलं की घसरतो. दोघांमध्ये जितका फरक, तितके दगड दुबळ्याला घेता येतात, हवे असतील तर. मी वीस क्यूपासून सुरुवात केली. दिवसच्या दिवस रिकामे होते. ऑक्टोबर लागला तेव्हा मी बारा क्यू होते.

आकडा बारा झाला त्या संध्याकाळी मी संजयला मोबाइल दाखवला. त्यानं बूट काढता काढता बघितलं. “म्हणजे चांगलं का वाईट?”

“खूप चांगलं.”

“मग झकास.”

दुसऱ्या दिवशी मी खेळले नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ॲप उघडायचं, आकडा बघायचा, बंद करायचं. एक डाव हरले असते तर बाराचा तेरा झाला असता. कुणाला फरक पडणार होता? पण त्या दोन महिन्यांत मी कमावलेली तेवढी एकच गोष्ट होती. कॉलेजात माझ्या जागी दुसऱ्या मॅडम शिकवत होत्या, मुलं त्यांच्यावर खूश आहेत असं कानावर आलं होतं. घरात संजय भाजी चिरत होता. माझं म्हणून काही चालू होतं तर तो आकडा.

पायाचंही तेच. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची, तोंडावर बोलणारी तरुण मुलगी होती. ती म्हणाली, “मॅडम, हाड जुळलंय. वजन टाका आता. पाय तयार आहे, तुम्ही थांबलाय.” मी हो म्हणायचे आणि ती गेली की वॉकर ओढून घ्यायचे. डावा पाय जमिनीला टेकायचा तो फक्त दाखवण्यापुरता.

त्यानंतर मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. मी दुसरं खातं उघडलं. खोटं नाव घेतलं आणि ‘अगदी नवशिकी’ असं लिहिलं. पहिल्यांदा हेतू सरळ होता: या नावानं खेळायचं, म्हणजे खऱ्या नावाला धक्का नको. आणि गंमत अशी की त्या खोट्या नावानं मी फार चांगली खेळले. हात मोकळा झाला. पट दिसायला लागला. तोच मेंदू, तीच बोटं, तोच पंखा डोक्यावर. फक्त घसरायला काही नव्हतं. पण यंत्र मला नवशिकी समजून नवशिकेच समोर आणत होतं. मी त्यांना चिरडत होते. लागोपाठ जिंकण्याची एक चटक असते. दुपारी जेवण टेबलावर तसंच पडून राहायचं.

एका डावात मी समोरच्याचा एकही दगड जिवंत ठेवला नाही. गरज नव्हती, डाव कधीच संपला होता. संपल्यावर त्या माणसानं पटाखालच्या संदेशाच्या चौकटीत इंग्रजीत लिहिलं. त्याचा अर्थ असा होता: मी कामावरून आल्यावर रोज एक डाव खेळतो. तुम्हीही नवीन आहात असं दिसतं. दोन महिने खेळून माझं हे असं होत असेल, तर हे मला जमणारं नाही. शुभेच्छा.

मला उत्तर लिहायचं होतं. तुमचं चुकलेलं नाही, मी नवीन नाही, असं लिहायचं होतं. माझं लिहून होईपर्यंत तो निघून गेला होता. पुन्हा त्या नावाचा माणूस मला तिथे दिसला नाही. मी रोज शोधत होते.

त्याच दिवशी काका चार वाजता आले तेव्हा पट मांडलेला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं. बारा क्यूचं, बंद करून ठेवलेल्या ॲपचं, खोट्या नावाचं, त्या माणसाचं. रागावतील असं वाटलं होतं. ते उठून बाल्कनीच्या दारात उभे राहिले.

“तो कोरियन व्हता ना,” ते म्हणाले, “त्यानं मला नव दगड दिलं व्हतं. मंग सात, मंग पाच. पाच दगडांवर मी त्याला एकदा हरवला. एकदाच. त्यानं हात मिळवला, म्हनला उद्या चार दगड. मी दुसऱ्या दिशी गेलोच नाय. काम हाय म्हनून सांगितला. पंधरा दिस नाय गेलो. मला जिंकलेला ऱ्हायाचा व्हता.”

“मग?”

“मंग जहाज दुरुस्त झाला. आमच्याच टगनं भायेर काढला. तो वर रेलिंगला उभा. मला बघून त्यानं चार बोटं दाखवली.” काकांनी हात वर करून चार बोटं दाखवली आणि हात खाली घेतला. “चार दगडांचा डाव ऱ्हायला तो ऱ्हायला. त्याचा पत्ता नाय, काय नाय. जिंकलेला डाव मला आता आठवत पन नाय, बाय. कुठं काय ठेवला व्हता, काय आठवत नाय. न खेळलेला आठवतो.”

खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं ते एकसुरी वाजणं चालू होतं. 

मग काकांनी टेबलावरची माझ्या ड्रेसिंगची चिकटपट्टी उचलली. तिचा बोटभर तुकडा फाडला आणि माझ्या मोबाइलच्या काचेवर लावला, बरोबर जिथे समोरच्या खेळाडूचा आकडा दिसतो तिथे. दुसरा तुकडा माझ्या आकड्यावर. “खऱ्या नावानं लाव डाव,” ते म्हणाले. “दिवाळीपर्यंत ही पट्टी काढायची नाय.”

मी खोटं खातं त्यांच्यासमोर मिटवलं आणि खऱ्या नावानं डाव लावला. हरले. लगेच दुसरा लावला. तोही हरले. ठरवलं की रोज चार डाव, काहीही होवो. सकाळी दोन, दुपारी दोन. आणि प्रत्येक डावाआधी स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत चालायचं, वॉकर न घेता. पहिल्या दिवशी भिंतीला इतकं घट्ट धरलं होतं की तळहाताला चुना लागला. घाम सुटला. ऑक्टोबरचा कमी, भीतीचा जास्त. पण पोहोचले आणि मोबाइल उघडला.

पट्टीखाली काय चाललंय हे मला दिसत नव्हतं, पण घसरतेय हे कळत होतं. आठवड्याभरात इतक्या वेळा हरले की संजय एकदा म्हणाला, “अगं सुमेधा, जरा सोप्या लोकांशी खेळ ना.”

“कोण सोपं आहे ते मला दिसत नाही,” मी म्हटलं.

तो हसला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “तू उभी आहेस.”

खरंच, मी ओट्यापाशी दोन्ही पायांवर उभी होते. चहा गाळत होते.

हळूहळू एक फरक जाणवायला लागला. समोरचा कोण हे ठाऊक नसल्यामुळे त्याचा दगड नुसता दगड राहिला. टक्कन येऊन बसला तरी मी आधी सगळ्या पटावरून नजर फिरवायचे. पूर्वी लहान आकडा दिसला की मी आकसायचे, मोठा दिसला की बेफिकीर व्हायचे. दोन्हीत पट सुटायचा. आता बघायला पटच उरला होता. हरणं थांबलं नव्हतं. पण हरल्यावर कुठे हरले हे सांगता यायला लागलं, आणि आपल्या विद्यार्थ्यांना आपण वर्षानुवर्षं हेच सांगत आलो हे आठवून थोडं ओशाळायला झालं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी नवीन पनवेलमध्ये एका सोसायटीच्या हॉलमध्ये गो खेळणारी आठ-नऊ माणसं जमणार होती. ऑनलाइन ओळखीतून कुणीतरी ठरवलेलं. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. काका पुढे, मी कठड्याला धरून मागे. सतरा पायऱ्या. मधल्या वळणावर थांबून मी खाली बघितलं, कठडा आणखी घट्ट धरला, आणि तरी डावा पाय उचलून वर ठेवला. तेव्हा मला कळलं की धीर असा आधी येत नाही. पाय आधी जातो.

वर आकडे विचारून जोड्या लावत होते. काकांनी खूण केली तशी, दिवाळीच्या आधीच, मी मोबाइलवरची पट्टी सोलून काढली. पंधरा क्यू. बारावरून पंधरा. हॉलमधल्या अनोळखी लोकांसमोर मी तो मोठ्यानं सांगितला.  माझ्यासमोर इरा नावाची अकरा वर्षांची मुलगी बसवली, एकोणीस क्यू. चार दगड मी तिला द्यायचे. समोरासमोर बसून मी पहिल्यांदाच पांढरं घेतलं.

पांढऱ्या बाजूला बसल्यावर कळतं की सूट देणाऱ्याचीही एक भीती असते. चार दगड आधीच पुढे असलेल्या मुलीला सरळ चालीनं गाठता येईना. मधल्या डावापर्यंत मी स्पष्ट मागे होते. आणि मग मला एक चाल दिसली. खोटी चाल. तिच्या कोपऱ्यातल्या दगडांना धमकी दिल्यासारखी दिसणारी, प्रत्यक्षात पोकळ. ती घाबरून तिथे उत्तर देत बसली की मी मधली मोठी जागा घेणार. घाबरलेलं माणूस काय करतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? काकांनी माझ्याशी अशी चाल कधी खेळली नव्हती. हे मला त्या क्षणी आठवलंही. आणि तरी मी तो दगड उचलला आणि टक्कन ठेवला.

इरानं कोपऱ्याकडे बघितलं. वेणीचं टोक दातात धरलं. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मग तिनं हात लांब केला आणि पटाच्या बरोबर मधोमध काळा दगड ठेवला, मला हवी होती त्याच जागेवर.

डाव तिथेच संपला. आम्ही शेवटपर्यंत खेळलो, जागा मोजल्या, ती अकरा घरांनी जिंकली.

“तू कोपऱ्यात उत्तर का नाही दिलंस?” मी विचारलं.

“तिथे काही होतच नव्हतं ना,” ती म्हणाली. मग जरा काळजीनं, “होत होतं का?”

“नाही,” मी म्हटलं. “काहीच होत नव्हतं.”

मी पटावरचे दगड एकेक करून उचलायला लागले. हरल्याचं काही वाटत नव्हतं. जी गोष्ट शिकायला मला तीन महिने आणि एक मोडका घोटा लागला, ती या मुलीला नुसती दिसत होती. आणि मला ती शिकता येणार होती, फक्त उशिरा आणि हळू, हेही त्याच वेळी कळलं. काका माझ्या मागे उभे होते. त्यांनी ती पोकळ चाल पाहिली होती.

“ती चाल वाईट व्हती,” ते परतताना रिक्षात म्हणाले.

“माहितीय.”

“पुन्ना नको टाकूस.”

“नाही टाकणार, काका.”

नोव्हेंबरात मी कॉलेजात रुजू झाले. काका आता उरणला असतात, बहिणीच्या घराशेजारी. समुद्र दिसल्याशिवाय त्यांना करमत नाही. महिन्यातून एकदा मी जाते. हल्ली ते मला पाच दगड देतात. गेल्या महिन्यात मी जिंकले तेव्हा पट आवरायच्या आधीच म्हणाले, “आता चार,” आणि त्याच बैठकीत पुन्हा बटणं मांडली. मी दणकून हरले. जेवताना ते फार खुशीत होते.

माझा आकडा सध्या दहा आहे. मधे नऊ होता. मधे बाराही झाला होता. आकड्याची भीती गेली असं मी म्हणणार नाही. प्रत्येक डावाआधी ती उठते, घोट्यातल्या कळेसारखी. तिला विचारून मी आता काही करत नाही, एवढंच.

आज रविवार. बाहेर तोच भाताचा वास आहे. पुढच्या वर्षी त्या शेतातही पाया खणणार म्हणतात. दुपारी मी बाल्कनीच्या दारात बसून खेळत होते. संजय आत पेपर वाचत होता. डाव संपल्याचा आवाज झाला तेव्हा त्यानं विचारलं, “जिंकलीस का?”

“हरले.”

“चहा टाकू?”

“टाक. पण मला जरा वेळ लागेल,” मी म्हटलं. “दुसरा लावलाय.”